बुधवारची मीटिंग

आमच्या गल्लीतल्या थाई हॉटेलच्या दाराशी तुळशीच्या सात कुंड्या आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला होता. दाराशी एवढी तुळस म्हणजे हॉटेल सात्त्विक असणार, असं माझ्या बेळगावी डोक्यात आलं आणि मी निर्धास्त आत गेलो. पाण्याचा पहिला घोट घेतोय तोवर मालकीणबाई कात्री घेऊन बाहेर आल्या, दोन कुंड्यांचे शेंडे कचाकच कापले आणि ओंजळभर पानं स्वयंपाकघरात नेली. आत मोठ्या आचेवर कढई होती. कढईत चिकन होतं.

त्या क्षणी उठून यायला हवं होतं. मी मेनू मागितला.

पुढची गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःशीसुद्धा वेगळ्या तऱ्हेनं सांगत आलो. पहिल्यांदा चुकून खाल्लं, मी व्हेज मागवलं होतं, त्यांनी दुसरंच आणलं, वगैरे. खोटं आहे. मेनूवर फोटो होते आणि मी फोटोवर बोट ठेवलं. मालकीणबाईंनी माझ्या कपाळावरच्या गंधाकडे बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "सर, अदु चिकन. परवागिल्ला?" चिकन आहे ते, चालेल ना?

मी म्हणालो, "परवागिल्ला."

बेंगळूरमध्ये बावीस वर्षं राहून हा एक शब्द मी इतक्या अस्खलितपणे कधी उच्चारला नव्हता.

त्या ताटलीत बारीक चिरलेलं चिकन, भरपूर लसूण, मिरच्या आणि ती करपत आलेली तुळस होती. शेजारी भात, भातावर कडा कुरकुरीत झालेलं अंडं. आमच्या घरात अंडं म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात असणारी वस्तू. मी सगळं खाल्लं. शेवटी चमच्यानं ताटली खरवडली. बाहेर पडताना कुंड्यांकडे बघवेना, म्हणून फोनवर बोलत असल्याचं नाटक करत गेलो.

याला सहा वर्षं झाली. दर बुधवारी संध्याकाळी सातला मी तिथं असायचो. कारखान्यात तेव्हा बुधवारी संध्याकाळी खरंच मीटिंग असायची आणि ती लवकर संपायची. पुढे ती सोमवारी सकाळी गेली. घरी मी हे सांगितलं नाही. बायको बुधवारी मुद्दाम गरम भाकरी करायची, "दमून येता तुम्ही" म्हणून. भाकरी, मेथीची पातळ भाजी, वर लोण्याचा गोळा. थाई हॉटेलातून भरल्या पोटानं घरी जायचं आणि नऊ वाजता पुन्हा दोन भाकऱ्या खायच्या, असा माझा बुधवार होता. एक भाकरी खाऊन उठलो तर ती विचारायची, "बरं वाटत नाही काय?" म्हणून दोन. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून विचारलं होतं, "खाण्यात काही बदल?" मी म्हणालो, "घरचंच खातो." बायको शेजारीच बसली होती. तिनं मान डोलावली. डॉक्टरांनी भात बंद केला.

माझं काम व्हाइटफील्डच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे. यंत्रांचे सुटे भाग तपासतो. भोक पाडलेला तुकडा समोर येतो, त्यात गेज घालायचं. गेजला दोन टोकं असतात. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढंच. पास नाहीतर नापास. चांगला तुकडा मी कधी नापास केला नाही आणि वाईट कधी पास केला नाही. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखी ही एकच गोष्ट होती, आणि तीही मी घालवली. कशी, ते सांगतो.

हॉटेलात सहाच टेबलं. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी सगळी भरली होती, तेव्हा मालकीणबाईंनी एका मुलाला माझ्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची बॅग. त्याच्या ऑर्डरीची चौकशी पाच मिनिटं चालली. माशाचा सॉस नाही ना? कढई वेगळी ना? चमचा तोच नाही ना? मालकीणबाई न कंटाळता "सरी, सरी", बरं बरं, म्हणत होत्या. त्याच्यासाठी टोफूची हिरवी आमटी आली. मी मनात म्हटलं, काय सोवळं कार्टं आहे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बायको. तोंडात घास होता. तो गालात सारून मी हळू आवाजात म्हणालो, "मीटिंग चालू आहे, नंतर बोलतो."

फोन ठेवला. समोरचा मुलगा भात कालवत होता. मान वर न करता त्यानं शुद्ध सांगलीकडच्या मराठीत विचारलं, "काका, मीटिंग कशी चालली आहे?"

मला ठसका लागला. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला आणि माझ्या ताटलीला न शिवता तिच्याकडे बोट दाखवलं. "काळजी करू नका. वर तुळशीपत्र ठेवलंय, नैवेद्यच आहे तो."

त्या दिवसापासून आम्ही बुधवारी एकाच टेबलावर बसायला लागलो. तो जवळच पेइंग गेस्ट म्हणून राहायचा. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, मला त्याचं. मी काका, तो "काय रे". आल्या आल्या तो विचारायचा, "काका, आज अजेंडा काय?" मी म्हणायचो, "नेहमीचाच." मालकीणबाई लांबूनच ओरडायच्या, "अदेना सर?" तेच ना? तेच. तो घरच्या गोष्टी सांगायचा, मी कारखान्याच्या. माझ्या घराबद्दल मी काही बोलत नसे. ज्या माणसाच्या देखत आपण बायकोशी खोटं बोललोय, त्याच्याशी बायकोबद्दल काय बोलणार?

यंदा आषाढात बेळगावहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिची मुलगी, माझी भाची, तिथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

"अरे, एक स्थळ आलंय बघ. सांगलीकडचे लोक. मुलगा बेंगळूरला, तुझ्याच त्या भागात ऱ्हातोय. पत्रिका जुळत्या. पोरीचं फोनवर बोलून बी झालंय. तेवढी चौकशी कर की जरा."

चौकशी हा आमच्या घराण्याचा वंशपरंपरागत उद्योग आहे. मुलगा बघायच्या आधी मुलाच्या आजूबाजूची माणसं बघायची. अक्काच्या लग्नाच्या वेळी आमचे वडील भावजींच्या न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले होते. न्हावी म्हणाला, "डोक्यात कोंडा हाय, बाकी माणूस चांगला." वडिलांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि लग्न ठरलं. पस्तीस वर्षं झाली, न्हाव्याचा शब्द खोटा ठरलेला नाही, कोंड्यासकट.

"खातंय-पितंय काय तेवढं बघ," अक्का म्हणाली. "बाकी आमचं आम्ही बघतो. खाणारा नको. मला जावयाला वाढताना घास उतरायला पायजे."

मग तिनं व्हॉट्सॲपवर बायोडाटा पाठवला. उंची, पगार, गोत्र, आहार शाकाहारी, व्यसन नाही. वर फोटो. निळा शर्ट, ओलसर भांग, आणि चेहऱ्यावर तोच भाव, "काका, आज अजेंडा काय?"

मी फोन पालथा ठेवला. पुन्हा उलटून बघितला. तोच.

आता मी सरळ माणूस असतो तर म्हणालो असतो, अक्का, मी ह्या पोराला दोन वर्षं ओळखतो, सोनं आहे. पण तिचा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता: कुठं ओळखतोस? आणि त्याच्याही पुढचं चित्र दिसत होतं. दिवाळी, अक्काचं घर, पाटावर जावई, शेजारी मी. अक्का विचारणार, "मामाला अजून एक पुरणपोळी वाढू काय?" आणि जावई मान खाली घालून म्हणणार, "वाढा, मामा मीटिंगहून आलेत." दर सणाला, दर बारशाला. जन्मभर.

तरी मी चौकशीचा देखावा केला. त्याच्या पेइंग गेस्टच्या रखवालदाराला भेटलो. तो म्हणाला, गेल्या पावसात त्याला ह्या मुलानं आपली छत्री दिली, परत मागितली नाही. इस्त्रीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "थँक्यू बोलता है साब. बाकी कोई नहीं बोलता." गेजचं एक टोक सुळकन आत जात होतं, दुसरं जागच्या जागी अडत होतं. इतका चोख तुकडा माझ्या टेबलावर वर्षात एखादा येतो.

आठवड्यानं अक्काचा फोन आला. "काय कळलं?"

मी म्हणालो, "काय सांगू अक्का. इथं एक थाई हॉटेल आहे. त्याच्या टेबलावर चिकन होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी नंतर कित्येक दिवस स्वतःला समजावत होतो. चिकन होतं. टेबल त्याचं होतं. डोळे माझे होते. ताटली कुणाची, ते अक्कानं विचारलं नाही.

"तू त्या हॉटेलात काय करालास?" तिनं एवढंच विचारलं.

"पार्सल न्यायला गेलो होतो. व्हेज."

"अगबाई," अक्का म्हणाली. मग म्हणाली, "पोरीला आवडला होता रे."

तिनं फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला फार लाज वाटते, पण वाटलं. मी जेवलो, बातम्या बघितल्या. रात्री बायको म्हणाली, "अक्कांचा फोन होता काय? स्थळाचं काय झालं?" मी म्हणालो, "नाही जमत." ती म्हणाली, "पत्रिका?" मी म्हणालो, "पत्रिकाच." एक खोटं बोललं की दुसरं सवलतीत मिळतं.

पुढचे दोन बुधवार मी हॉटेलात गेलो नाही. घरी सांगितलं, मीटिंग रद्द. बायकोनं त्या दोन्ही बुधवारी भाकरी केली आणि मी उपाशीपोटी तीन-तीन खाल्ल्या. ती खूश झाली. "मीटिंग नसली की तुम्हाला भूक लागते," म्हणाली.

तिसऱ्या बुधवारी मात्र पाय वळले. सातला पाच मिनिटं कमी होती. मुलगा आपल्या जागी बसला होता. त्यानं अजेंडा विचारला नाही.

"काका, होतात कुठं? तुमचीच वाट बघत होतो."

"काम होतं."

मालकीणबाईंनी विचारायच्या आधीच माझी ताटली आणून ठेवली. मुलाची आमटी आधीच आली होती आणि तिच्यावर साय धरली होती.

"काका, एक स्थळ आलं होतं मला," तो म्हणाला. "बेळगावचं. मुलगी कॉलेजात शिकवते. आम्ही दोनदा फोनवर बोललो. पहिल्यांदा दहा मिनिटं, दुसऱ्यांदा पावणेदोन तास. ती ना, जोक सांगायच्या आधीच हसायला लागते. मग जोक राहूनच जातो."

मला माहीत होतं. चार वर्षांची होती तेव्हापासून ती असंच करते. कोड्याचं उत्तर कोड्याच्या आधी सांगून टाकायची.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय. नकार आला. माझी आई म्हणाली, पत्रिका असेल. पण स्थळ सुचवणाऱ्या मधल्या बाईंनी सांगून टाकलं. मुलीचा कुणी मामा आहे म्हणे बेंगळूरला. त्यानं चौकशी केली. मला चिकन खाताना बघितलं म्हणाला." तो हसला, पण नीट नाही. "काका, मी! ज्याची कढईसुद्धा वेगळी! कोण असेल हो असा माणूस?"

माझ्या तोंडात तुळस होती. ती गिळता येईना आणि थुंकताही येईना.

"असतात एकेक," मी म्हणालो.

"माझ्या आईनं विचारलं मला, खरं सांग, खातोस काय. पहिल्यांदाच असं विचारलं तिनं. मी शपथ घेतली, तरी दोन दिवस तिचा आवाज वेगळा येत होता." त्यानं पुढे वाकून माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही दोन वर्षं दर बुधवारी माझ्यासमोर बसता. मी कधी खाल्लंय?"

"नाही."

"मग एक काम कराल? मुलीच्या आईशी बोलाल? मी एकटा बोललो तर त्यांना वाटेल सारवासारव करतोय. तुम्ही मोठे, मराठी, तुमचा काही संबंध नाही. लग्न झालं नाही तर नाही. पण हे खोटं माझ्या नावावर नको."

मी म्हणालो, बघू, नंतर बोलू, त्यांची जेवायची वेळ असेल. पण त्यानं मुलीच्या बायोडाट्यावरचा नंबर काढून लावलासुद्धा. मला त्या नंबराचे शेवटचे चार आकडे दिसत होते. ते मला माझ्या स्वतःच्या नंबरापेक्षा जास्त पाठ आहेत.

"नमस्कार काकू," तो उठून उभा राहून बोलत होता. "स्थळाबद्दल... हो, तोच. काकू, रागावू नका, एक मिनिट फक्त. माझ्याबरोबर इथं एक काका आहेत. मला चांगले ओळखतात. त्यांच्याशी बोलता का?"

आणि त्यानं फोन माझ्या हातात दिला.

इथं मला लिहायला आवडलं असतं की मी ताठ बसलो आणि खरं सांगितलं. मी काय केलं ते सांगतो. मी नाक चिमटीत धरलं, आवाज घोगरा केला आणि म्हणालो, "नमस्कार ताई. मी ह्या मुलाच्या परिचयाचा एक..."

"आवाजाला काय झालं रे तुझ्या?" अक्का म्हणाली. "सर्दी झाली काय?"

मी नाक सोडलं.

"न्हाई अक्का."

समोर मुलगा उभाच होता. "अक्का" हा शब्द त्याच्या चेहऱ्यावर पोचायला दोन क्षण लागले. मग तो हळूच खाली बसला.

"मग नाकातनं का बोलालास? आणि त्याच्या संगं काय करालास तू?"

"अक्का, मी तुला सांगितलं होतं, त्याच्या टेबलावर चिकन होतं."

"व्हय की."

"ते माझं होतं."

"तुझं म्हंजे?"

"म्हणजे मी खात होतो. तो टोफू खात होता."

"टोफू म्हंजे काय?"

"पनीरसारखं असतं. सोयाबीनचं."

तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती मला ऐकू आली.

"म्हंजे पोरगं खात न्हाई."

"न्हाई. कधीच न्हाई."

"आणि तू खातंस."

"व्हय."

"कधीपासनं?"

"सहा वर्षं झाली."

"बाबांच्या श्राद्धाला बसला होतास, तवा बी?"

"ते गुरुवारी होतं अक्का," मी म्हणालो. गुरुवारच्या आदल्या दिवशी कोणता वार असतो हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेवढं अजून शिल्लक आहे, ते इथं फेडतो: गेलो होतो. अंडं मात्र नको म्हणालो होतो.

"स्वतःचं झाकायला पोराचं नाव घेतलंस," अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पोरगी पंधरा दिस माझ्याशी धड बोलली न्हाई. मी म्हटलं, मामानं बघितलंय बाई, मामा खोटं बोलणार न्हाई. असं म्हटलं मी."

मी ताटलीतल्या अंड्याकडे बघत राहिलो.

"फोन दे त्याच्याकडं."

मी फोन दिला. मुलगा सावरून बसला आणि मग आमच्या घराण्याची चौकशी त्याच्या तोंडून, माझ्या देखत सुरू झाली. मला त्याची एकच बाजू ऐकू येत होती.

"हो काकू... दर बुधवारी... नाही, पीत नाहीत. इथं मिळतच नाही... एकच ताटली... हो, एखाद्या वेळी भात परत घेतात... नाही, मला कधी आग्रह नाही केला." मग तो थांबला. "कशात करतात? म्हणजे?" त्यानं माझ्याकडे बघितलं. अक्का काय विचारत होती ते मला कळलं. जिथं तिथं ती पदार्थ कसा करतात हे विचारतेच, आग लागली असली तरी. "लसूण असतो काकू. मिरची. आणि पानं असतात कसली तरी."

त्याची नजर काचेतून बाहेरच्या कुंड्यांवर गेली. माझीही गेली. माझी अक्का रोज सकाळी वृंदावनाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय चहा पीत नाही. चिकन तिनं कदाचित एक दिवस पचवलं असतं.

"पुदिना, काकू," मुलगा म्हणाला.

ज्याची कढई वेगळी, चमचा वेगळा, आणि ज्याला स्वतःच्या नावावर एक खोटं सहन होत नव्हतं, त्या मुलानं माझ्यासाठी हे केलं. मी चोख तुकडा नापास केला होता. त्यानं वाकडा पास केला.

मग त्याचा चेहरा बदलत गेला. "हो... हो काकू... आईशी बोलतो... रविवारी नक्की." त्यानं फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावरच्या तिखटाच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसला.

"म्हणजे तो माणूस तुम्ही," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"नकार आला तेव्हा मी तुम्हालाच सांगणार होतो. म्हटलं, बुधवारी काका भेटतील, त्यांना सांगू. तुम्ही आलाच नाहीत."

"हो."

"का, पण? मी तुमचं काय केलं होतं?"

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "मीटिंगचं. दर दिवाळीला तू मला विचारलं असतंस, ह्याची भीती वाटली."

"काका, ती चेष्टा होती. इथली. मी घरी कशाला बोललो असतो?"

तो खरंच बोलला नसता. हे मला दोन वर्षांत दिसायला हवं होतं. छत्रीवाल्या रखवालदाराला दिसलं होतं, इस्त्रीवाल्याला दिसलं होतं. ज्याचं पोटच बघण्यावर चालतं त्याला दिसलं नाही. मी त्याची माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण "जाऊ दे" म्हणाला नाही, आणि ते बरोबरच होतं. त्यानं गार आमटी भातावर ओतली आणि खायला लागला.

अक्काचा फोन आमच्या घरी पोचायला फार तर पाच मिनिटं लागली असती. मी माझा फोन काढला आणि बायकोला लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलावरून मी तिला फोन करत होतो.

"काय हो? मीटिंग संपली?"

"मीटिंग नाही," मी म्हणालो. "गेली साडेचार वर्षं बुधवारी मीटिंग नाही. मी गल्लीतल्या थाई हॉटेलात आहे. चिकन खातोय."

पलीकडे तवा सरकवल्याचा आवाज आला.

"आता?"

"आता. दर बुधवारी."

"दर बुधवारी," ती म्हणाली. मग तिनं जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती. पाप, बाटणं, लोक काय म्हणतील, ह्या सगळ्यांची उत्तरं मी सहा वर्षं घोकत आलो होतो. ती म्हणाली, "म्हणजे बुधवारी माझ्या भाकऱ्या तुम्ही भरल्या पोटावर खात होता?"

"हो."

"बळंच?"

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"मी तुमच्यासाठी लोणी वेगळं काढून ठेवत होते," ती म्हणाली. "बुधवारचं म्हणून." आणि तिनं फोन ठेवला.

चिकनचं तिला किती वाईट वाटलं ते मला अजून कळलेलं नाही. त्याबद्दल ती बोललीच नाही. लोण्याचा गोळा मात्र बुधवारी येत नाही. येतो तो रविवारी, आणि मला भूक आहे का हे ती आधी विचारते. मी खरं सांगतो.

फोन खिशात ठेवून मी तसाच बसलो. मालकीणबाईंनी लांबून माझ्या ताटलीकडे बघितलं आणि हातानं विचारलं, काय झालं, आवडलं नाही? मी मान हलवली. उठून जावं असं वाटत होतं, पण समोरचा मुलगा जेवत होता, आणि जेवणाऱ्याला एकटं सोडून उठायचं नाही एवढं एक वळण माझ्यात शिल्लक होतं.

त्यानं शेवटचा घास घेतला. तोंड पुसलं. पाणी प्यायला. मग माझ्या ताटलीकडे बघितलं, जिथं अंडं आकसून गेलं होतं आणि तुळशीची पानं काळी पडली होती.

"खा आता, मामा," तो म्हणाला. "गार झालं."